मदत हवी आहे : सांभाळणारा नातेवाईकच पेन्शन काढून घेत असेल आणि आजींना तक्रार नको असेल, तर केस कशी हाताळावी?

नमस्कार. मी पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी, ज्येष्ठ नागरिक आणि मानसिक आजार असलेल्या प्रौढ व्यक्तींसाठी काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेत केस मॅनेजर आहे. गृहभेटी, योजनांची कागदपत्रे, दवाखान्याचा पाठपुरावा, कुटुंबाशी बोलणे आणि या सगळ्याची केस फाईलमध्ये नोंद ठेवणे हे माझे काम. सध्या एका केसमध्ये पुढे काय करावे यावर आमच्या संस्थेत दोन मते पडली आहेत, म्हणून या क्षेत्रातील अनुभवी मंडळी, वकील आणि वृद्धांच्या आरोग्यावर काम करणारे यांचे मार्गदर्शन हवे आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण प्रश्न आहे तसाच ठेवला आहे.

आजींनी सत्तरी ओलांडली आहे. यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, त्यामुळे आजींना कुटुंब निवृत्तीवेतन मिळते आणि राहते घर त्यांच्या स्वतःच्या नावावर आहे. एकुलती मुलगी लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात असते. घरात आजींबरोबर दिरांचा मुलगा, त्याची पत्नी आणि मुले राहतात. चूल एकच आहे. एटीएम कार्ड पुतण्याकडे आहे, बँकेत नोंदवलेला मोबाइल क्रमांकही त्याचाच आहे आणि पेन्शन जमा झाली की लगेच जवळपास सगळी रक्कम काढली जाते, हे पासबुकावर स्पष्ट दिसते. त्याच वेळी आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याच्या मध्यातच संपलेल्या असतात आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ‘सध्या पैसे नाहीत’ म्हणून पुढे ढकलली जाते.

मारहाण नाही. उपाशी ठेवणेही नाही. पुतण्याची पत्नी दोन्ही वेळा ताट वाढते, आणि मागच्या आजारपणात आजींचे सगळे तिनेच केले. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण ‘छळ करणारे नातेवाईक’ आणि ‘असहाय्य वृद्धा’ असे सरळ चित्र गृहीत धरून दिलेला सल्ला या घरात लागू पडणार नाही. मी पेन्शनचा विषय काढला तेव्हा आजी म्हणाल्या, “तू कागद करशील आन् जाशील. उद्या मला भाकरी कोण घालंल?” या प्रश्नाचे उत्तर जोवर माझ्याकडे नाही, तोवर त्यांचा नकार मला पूर्णपणे शहाणपणाचा वाटतो.

मात्र आता दोन गोष्टी नव्याने पुढे आल्या आहेत. पहिली म्हणजे आजींचा विसराळूपणा वाढला आहे. गॅसवर दूध राहते, वार आठवत नाही, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली जाते. पण पेन्शन किती येते, ती कोण काढतो आणि घर कोणाच्या नावावर आहे हे त्या प्रत्येक वेळी बिनचूक सांगतात. दुसरी गोष्ट अधिक तातडीची आहे. पुतण्या त्यांना दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात ‘सहीसाठी’ नेणार आहे, असे त्यांच्या बोलण्यात आले. कागद बक्षीसपत्राचा आहे, मृत्युपत्राचा आहे की कुलमुखत्यारपत्राचा, हे त्यांना सांगता येत नाही. मुलीला फोन केला, तर तिचे म्हणणे आईला वृद्धाश्रमात ठेवून घर बंद करावे असे आहे, आणि आजींना ते अजिबात मान्य नाही.

आमच्याकडील एक मत असे आहे की ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाला, म्हणजे प्रांत कार्यालयाला, संस्थेने आपणहून कळवावे. दुसरे मत असे की आजी नाही म्हणत असताना तसे करणे म्हणजे त्यांचा आमच्यावरचा विश्वास संपवणे होय, आणि एकदा घराचे दार बंद झाले की त्यांची खबर घेणारे बाहेरचे कोणीच उरणार नाही. मूल अठरा वर्षांखालील असते तर बाल कल्याण समिती होती, तिचे अधिकार ठरलेले होते. प्रौढ व्यक्तीसाठी तशी एकही यंत्रणा आपल्याकडे नाही. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन, म्हणजे एल्डरलाइन, माहिती देते, मध्यस्थी करते, पण आदेश देण्याचा अधिकार तिला नाही. त्यामुळे माझ्यासारख्या कार्यकर्तीचा सगळा आधार त्या व्यक्तीची संमती हाच असतो, आणि ती संमती डगमगू लागली तर काय करायचे, याचे लेखी उत्तर मला कुठेच सापडलेले नाही.

विचारायचे आहे ते असे. आजींची निर्णयक्षमता कोणी आणि कशासाठी तपासायची? त्यांच्या संमतीशिवाय आम्ही कोणते पाऊल कायद्याने उचलू शकतो आणि कोणते उचलू नये? आणि तक्रार न करता, घर न मोडता, पेन्शनचा ताबा त्यांच्याकडे परत आणण्याचा मार्ग कोणी प्रत्यक्षात वापरला आहे का?

प्रतिसाद : विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरील वकील

आपण केस नीट मांडली आहे, म्हणून थेट कायद्याकडे वळतो. माता-पिता आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ च्या कलम ५ नुसार अर्ज स्वतः ज्येष्ठ नागरिक करू शकतात, त्या असमर्थ असतील तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था करू शकते, आणि न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. पण आपल्या केसमध्ये एक अडचण आहे, जी संस्था बहुधा लक्षात घेत नाहीत. या कायद्यात ज्याच्याकडून निर्वाह, म्हणजे पोटापाण्याचा खर्च, मागता येतो तो ‘नातेवाईक’ म्हणजे निपुत्रिक ज्येष्ठ नागरिकाचा वारस. आजींना मुलगी आहे, म्हणून निर्वाहाचा अर्ज मुलीविरुद्ध होईल, पुतण्याविरुद्ध होणार नाही. म्हणजे ज्याच्यामुळे चिंता आहे तो बाजूला राहील आणि जी दूर आहे तिला नोटीस जाईल. शिवाय कलम ९ नुसार निर्वाहाची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे, आणि आजींची अडचण उत्पन्न नसण्याची नाहीच.

कलम २३ मात्र पुतण्यालाही लागू होऊ शकते, कारण तेथे मालमत्ता कोणाला दिली यावर नात्याचे बंधन नाही. सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्र केले आणि सांभाळ झाला नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. यातील कळीचा शब्द अट हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये अशी अट असल्याचे सिद्ध होणे आवश्यक मानले. जानेवारी २०२५ च्या निकालात या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावावा असे म्हटले, पण त्या प्रकरणातही सांभाळण्याचे वचनपत्र लेखी होते. म्हणून आजींना घर पुतण्याला द्यायचेच असेल, आणि तसे वाटण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे, तर त्यांच्याशी तीन गोष्टी शांतपणे बोला. मृत्युपत्र हयातीत कधीही बदलता येते. बक्षीसपत्र एकदा नोंदवले की सहसा मागे घेता येत नाही. आणि बक्षीसपत्रच करायचे असेल तर त्यात सांभाळाची अट आणि तहहयात राहण्याचा हक्क शब्दांत लिहिलेला असला पाहिजे.

निर्णयक्षमतेबद्दल. भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम १२ त्या विशिष्ट वेळेकडे पाहते: करार करताना त्या व्यक्तीला त्याचा अर्थ कळतो का आणि स्वतःच्या हितावर होणाऱ्या परिणामाचा विचार करता येतो का. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मधील क्षमतेची कसोटी उपचारांच्या निर्णयापुरती आहे, आणि एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून त्याला विकल मनाचा ठरवता येत नाही, असे तोच कायदा सांगतो. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खालील पालकत्व स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. स्मृतिभ्रंश त्यात बसत नाही. पुढे आजींची क्षमता पूर्ण गेलीच तर उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली पालक नेमण्याची मागणी करता येते, आणि मुंबई उच्च न्यायालयाने तसे आदेश दिलेले आहेत. आज ती वेळ आलेली दिसत नाही.

आपल्या संस्थेतील दोन्ही मतांत एक कायदा सुटला आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ मध्ये आर्थिक छळाचा समावेश आहे आणि एकत्र कुटुंबात राहणाऱ्या काकूंनाही तो लागू होतो. चूल एकच आहे, ही आपली नोंद येथे महत्त्वाची ठरेल. कलम ४ नुसार कोणीही व्यक्ती याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांना सद्भावनेने माहिती देऊ शकते आणि त्याबद्दल तिच्यावर कारवाई होत नाही. दंडाधिकारी मालमत्तेची विल्हेवाट लावण्यास मनाई करू शकतात. घराचा कागद खरोखरच होणार असे दिसले, तर प्रांत कार्यालयापेक्षा हा मार्ग अधिक थेट आहे. महिलांना मोफत विधी सेवेसाठी उत्पन्नाची अट नसते, त्यामुळे तालुका विधी सेवा समितीकडे आजींच्या नावाने अर्ज करून वकील मिळवता येईल.

प्रतिसाद : शासकीय रुग्णालयातून निवृत्त वैद्यकीय समाजसेविका

ताई, कायद्याचे वर आले आहे, मी कामाच्या क्रमाबद्दल लिहिते. आजींनी तुम्हाला भाकरीबद्दल विचारले, तेव्हा तुमच्या केस प्लॅनची पहिली ओळही तीच असली पाहिजे. आधी पर्याय उभा करा, पैशाचा विषय त्यानंतर. गावात बचत गटाच्या बाया डबे देतात का ते पाहा, शेजारचे एखादे घर विश्वासाचे आहे का ते पाहा, आणि पेन्शनच्या रकमेत डबा, औषधे व वीजबिल भागते का याचा हिशेब आजींबरोबर बसून, त्यांच्याच वहीत मांडा. डबा प्रत्यक्षात कधी लावावा लागणारही नाही. पण तो लागू शकतो हे आजींना कळले की त्यांचा आवाज बदलतो, हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे.

विसराळूपणाला इतक्यात नाव देऊ नका. रक्तदाबाच्या गोळ्या अधूनमधून बंद पडतात, डोळ्यांना नीट दिसत नाही, ऐकू किती येते ते कोणी तपासलेले नाही. थायरॉईड, बी-१२ ची कमतरता, लघवीचा संसर्ग आणि उदासीनता या सगळ्यांनी म्हातारपणी स्मृती ढासळल्यासारखी वाटते, आणि यातील बहुतेकांवर उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयात आधी फिजिशियन, मग जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे मानसोपचारतज्ज्ञ, असा क्रम ठेवा. तपासणीच्या दिवशी आजींना घर आणि पेन्शन याबद्दल काय समजते, हे डॉक्टरांना त्यांच्याच शब्दांत नोंदवायला सांगा. ती तारखेची नोंद पुढे कोणत्याही बाजूने उपयोगी पडेल. मोतीबिंदूसाठी सरकारी रुग्णालयात आणि शिबिरांत मोफत शस्त्रक्रिया होतात. ‘पैसे नाहीत’ हे कारण तेथेच संपते, आणि पुतण्यालाही त्यात अपमान वाटत नाही.

बँकेचे काम तक्रारीशिवाय होऊ शकते. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्तरीपुढील ग्राहकांना घरपोच सेवा देण्याविषयी बँकांना सूचना दिल्या आहेत. आजींना हयातीच्या दाखल्यासाठी शाखेत न्या, व्यवस्थापकांशी त्यांची एकट्यात भेट घडवा आणि मोबाइल क्रमांक, कार्ड आणि रक्कम काढण्याची मर्यादा याबद्दल काय हवे ते त्यांनाच सांगू द्या. सगळे एकदम बदलायला सांगू नका. औषधांपुरती रक्कम आजी स्वतः काढतील, बाकी घरखर्चाला देतील, एवढ्यावरही पुष्कळ घरे शांतपणे चालतात. पुतण्याच्या पत्नीला विरोधात ढकलू नका. ती जे करते आहे ते काम आहे, आणि त्याची किंमत उघडपणे मान्य झाली तर तीच तुमची सर्वांत भक्कम बाजू होईल.

धागाकर्तीचा प्रतिसाद

आपणा दोघांचे मनापासून आभार. निर्वाहाची नोटीस मुलीला गेली असती, हा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आला नव्हता, आणि केवळ त्यामुळे प्रांत कार्यालयाकडे घाईने जाण्याचा विचार आम्ही थांबवला आहे. डोळे आणि रक्ततपासणीसाठी जिल्हा रुग्णालयात यायला आजी तयार आहेत. पुतण्याच्या पत्नीलाच बरोबर नेणार आहे. तालुका विधी सेवा समितीच्या वकिलांनी घरी येऊन बक्षीसपत्र आणि मृत्युपत्र यांतील फरक समजावून सांगावा, असे मी आजींना सुचवले, तेव्हा त्यांनी “ऐकून घ्यायला काय जातंय” असे म्हटले. याला मी संमती म्हणून नोंदवले आहे, आणि ती ऐकून घेण्यापुरतीच आहे असेही फाईलमध्ये स्पष्ट लिहिले आहे.

एका गोष्टीवर अजून निर्णय झालेला नाही. वकिलांच्या भेटीआधीच पुतण्याने आजींना सहीसाठी नेले, तर त्या क्षणी संरक्षण अधिकाऱ्यांना कळवायचे, असे मी वरिष्ठांना लेखी सुचवले आहे. तसे करण्यापूर्वी, ‘असे झाले तर मी कळवणार आहे’ हे आजींना आधीच स्पष्ट सांगावे असे माझे मत आहे, कारण त्यांच्या पाठीमागे काही करणे मला पटत नाही. वरिष्ठांना भीती वाटते की आजी ते घरात बोलून दाखवतील आणि कागद उलट लवकर होईल. ज्येष्ठ महिलेच्या बाबतीत संरक्षण अधिकाऱ्यांकडे माहिती दिल्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांनी त्या व्यक्तीला आधी सांगितले होते का, आणि त्यानंतर त्या घरात काय झाले, हे कृपया लिहावे.