मदत हवी आहे: केटीएम ड्यूक 390 बाईकचं पुढचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चक्र) 15 ऐवजी 14 दातांचं टाकावं का?

आडवळण:
गाडी 390 ड्यूक, पहिल्या पिढीची. पुढे 15 दात, मागे 45, चेन 520 मापाची. आठवडाभर पुण्याचं ट्रॅफिक आणि सुट्टीला मागे एक जण घेऊन ताम्हिणी नाहीतर आंबेनळी. त्रास असा की दुसऱ्या गिअरमध्ये वीस-बावीसच्या वेगाला गाडी हिसके देते, आणि पहिला टाकला की एकदम अंगावर येते. घाटातल्या वळणातून बाहेर पडतानाही तेच. रनिंग 22 हजार, चेनसेट (चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट) कंपनीचाच आहे.
पुढे 14 टाकू की मागे 48? चेन तीच चालेल का? स्पीडोमीटर चुकेल का? हायवेला 100 वर आत्ता साधारण 6000 आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) असतात, ते किती होतील?

दातेरी:
आधी आकडे. मागचे दात भागिले पुढचे: 45/15 म्हणजे 3.00. पुढे 14 केले की 3.21. सहाही गिअरमध्ये चाकाला मिळणारा जोर 7 टक्के वाढतो. हायवेला 100 वर 6000 चे साधारण 6430 होतील. दिवसभर सातारा रोडने जाणाऱ्याला ते हँडलच्या थरथरीत जाणवेल आणि पेट्रोलही थोडं जास्त लागेल. शहरात ॲव्हरेजचा फरक जवळपास कळत नाही, कारण क्लच कमी घासावा लागतो.

मागे 48 म्हणजे 3.20, जोर तेवढाच. पण मागे तीन दात वाढले की ॲक्सल (मागच्या चाकाचा आस) सुमारे 13 मिमी पुढे घ्यावा लागतो आणि जुन्या चेनला तेवढी जागा नसते. दोन कड्या वाढवून चेन घ्यावी लागते. पुढे एक दात कमी केला तर ॲक्सल जेमतेम 4 मिमी मागे जातो, चेन तीच चालते. आजमावून बघायचं असेल तर पुढचंच बदला, खर्च कमी आणि परत फिरता येतं.

13 मात्र टाकू नका. चक्र जितकं लहान तितकी चेन जास्त मुडपते, स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्लायडर पट्टीला जास्त घासते आणि चेनवरचा ताणही वाढतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. एका दाताने हिसके जात नाहीत, खाली सरकतात. जो त्रास आज 22 ला होतो तो साडेवीसला होईल. तेवढ्याने तुमचं काम भागत असेल तरच करा.

ग्रीसगन:
दातेरी यांचं गणित बरोबर आहे, पण 22 हजार चाललेल्या सेटवर गिअरिंगची चर्चा नंतर. कमी वेगातले हिसके बऱ्याचदा सैल चेन आणि मागच्या चाकाच्या हबमधल्या, झटके झेलणाऱ्या रबरांमुळे, ती दबली की, वाढतात. थ्रॉटल मिटला-उघडला की मधली सगळी ढिलाई एका झटक्यात भरून निघते, तोच हिसका.

गाडी पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून धरणाऱ्या स्टँडवर) घ्या, न्यूट्रल करा. मागचं चाक घट्ट धरून मागचं स्प्रॉकेट पुढे-मागे हलवा. खडखड करत सैल हललं तर रबरं गेली. मग चाक हळू फिरवत चार-पाच ठिकाणी चेन वर-खाली करून बघा. एका जागी तंग आणि दुसरीकडे लोंबत असेल तर चेन असमान ताणली गेली आहे, ती ॲडजस्ट करून सुधारत नाही. शेवटी मागच्या चक्राच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटाने बाहेर ओढा. अर्धा दात उघडा पडला तर सेट संपला. मोजायचंच असेल तर 520 ची कडी 15.875 मिमी, म्हणजे 20 कड्या नवीन असताना 317.5 मिमी. मॅन्युअलमधल्या मर्यादेपुढे गेली की बदला.

थ्रॉटलचं मोकळं फिरणंही तपासा. ते जास्त असेल तर हाच त्रास दुप्पट वाटतो.

आडवळण:
तपासलं. रबरं ठीक आहेत. चेन मात्र एका जागी तंग, एका जागी सैल, आणि मागे अर्ध्याहून जास्त दात दिसतो. सेट बदलायचाच आहे, मग पुढे 14 च घेतो. बसवताना काय सांभाळू?

ग्रीसगन:
पुढचा बोल्ट सोडवायचा तो जुनी चेन गाडीवर असतानाच. पहिला गिअर टाका, कोणाला तरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांगा आणि मग पाना लावा. चेन आधी काढली तर चक्र धरायला काहीच उरत नाही आणि लोक स्क्रू-ड्रायव्हर अडकवून केसिंगला टवका पाडतात. झाकणाखाली ग्रीस आणि मातीचा काळा थर असतो, तो खरवडून काढा. जुन्या चक्राची बाहेरची बाजू कोणती ते फोटो काढून ठेवा. उलटं बसलं तर चेनची रेषा चुकते आणि दात एका बाजूने झिजतात. बोल्टला थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा डिंक), आवळणी मॅन्युअलमधल्या टॉर्कने.

तिन्ही भाग एकत्रच बदला. ताणलेली चेन नवीन दात खाऊन टाकते. क्लिपवाली कडी असेल तर क्लिपचं बंद टोक चेनच्या चालीच्या दिशेला हवं. ओ-रिंग चेन (कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेली) पेट्रोलने धुऊ नका, तारेचा ब्रश तर नकोच.

सैलपणा तपासायचा तो चेन सगळ्यात तंग असते त्या जागी, मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीने. मेकॅनिक हमखास जास्त आवळतात. मागे माणूस बसला की स्विंगआर्म वर जातो, चेन अजून ताणते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर भार येतो.

दातेरी:
स्पीडोमीटरचं राहिलं. सेन्सर चाकावर असेल तर काहीच बदलत नाही, गिअरबॉक्सवर असेल तर मीटर 7 टक्के जास्त दाखवतो. अंदाज करत बसू नका. आज, जुन्या सेटवरच, 60 धरून जीपीएसचा वेग टिपून ठेवा आणि बदलल्यावर परत बघा.

घाट उतरताना त्याच गिअरमध्ये इंजिन ब्रेकिंग (थ्रॉटल सोडल्यावर इंजिनने गाडी रोखणं) जास्त जाणवेल. ओल्या रस्त्यावर दुसऱ्यात पटकन थ्रॉटल सोडू नका, आणि पहिला टाकताना वेग आधीपेक्षा थोडा कमी करा. नवीन चेन सुरुवातीला बसते, म्हणून शे-दोनशे किलोमीटरनंतर एकदा सैलपणा परत बघा. जुनं 15 चं चक्र मात्र नव्या चेनवर चढवू नका. परत फिरायचं झालं तर 15 चं नवीनच घ्या.