मदत हवी आहे : राउटर बदलल्यापासून ऑफिसचा फोन मध्येच कट होतोय

सातपूरकर :
नमस्कार. ऑफिसचा राउटर मागच्या आठवड्यात बदलला, तेव्हापासून फोन मध्येच कट होतो. नेट झकास चालतंय, फोनच तेवढा वैताग देतोय. कंपनी म्हणते आमची लाइन क्लिअर आहे, तुमचा राउटर बघा. राउटरवाला म्हणतो फोन माझा विषयच नाही. एमआयडीसीतलं छोटं ऑफिस आहे. पार्टी बोलता बोलता फोन गेला की ती ऑर्डर दुसरीकडे टाकते. जरा लवकर सांगा, उद्या डिस्पॅच आहे.

विजेरी :
कुठला राउटर? फोन थेट राउटरला लावलाय की मध्ये काही आहे? साधा फोन की आयपी फोन (नेटच्या केबलवर चालणारा)? नुसतं 'कट होतो' यावरून कोण काय सांगणार?

सातपूरकर :
साधेच फोन हो. सगळ्यांच्या ऑफिसात असतात तसले. राउटर पांढरा आहे, चार अँटेनावाला.

ट्रिंगट्रिंग :
अँटेना मोजून काय करू? मागे फोनचं भोक आहे का ते बघा. नेटच्या केबलपेक्षा अरुंद असतं, वर 'फोन' किंवा 'टेल' लिहिलेलं असतं.

सातपूरकर :
नव्याला नाही. जुन्याला होतं, पण आम्ही ते कधी वापरलंच नाही. फोनसाठी वेगळा छोटा डबा आहे, नेटवरून येणारा फोन साध्या फोनच्या वायरवर देणारा, ग्रँडस्ट्रीम लिहिलंय. त्यातून वायर ईपीएबीएक्सला (ऑफिसातल्या फोनांचं छोटं एक्स्चेंज) जाते. नंबर एका कंपनीचा आणि नेट दुसऱ्या कंपनीचं.

विजेरी :
अहो, हे पहिल्या पोस्टमध्ये टाकायचं ना!

जुना_खेळाडू :
चूक सापडली. डबाच चुकीचा घेतलाय. बाहेरची लाइन ईपीएबीएक्समध्ये आणायला एफएक्सओ पोर्ट, म्हणजे बाहेरची लाइन लावायचं भोक लागतं. ग्रँडस्ट्रीमचाच एचटी 813 घ्या, त्यात एक एफएक्सओ असतो. मी कित्येक ठिकाणी हाच बसवलाय.

विजेरी :
काका, उलटं झालं. ईपीएबीएक्सचा बाहेरच्या लाइनचा पोर्ट टोन आणि रिंगची वाट बघत बसलेला असतो, म्हणजे एफएक्सओ तोच. समोरचा डबा एक्स्चेंजसारखा वागला पाहिजे, टोन आणि रिंग त्याने द्यायची. म्हणजे एफएक्सएस, आणि त्यांच्याकडे तोच आहे. तांब्याची जुनी लाइन आयपी फोनवर घ्यायची असती तर तुमचा 813 बरोबर होता. शिवाय राउटर बदलायच्या आधी सगळं चालत होतंच की.

जुना_खेळाडू :
तुम्ही पुस्तकातलं सांगताय, आम्ही खांबावर चढून शिकलोय. 128 लाइनींचं सी-डॉटचं एक्स्चेंज सांभाळलंय मी. तेव्हा घरी फोन लागायला वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे लोक, आणि लागला की पेढे वाटायचे.

स्नेहल_प :
नेटचा प्लॅन किती एमबीपीएसचा आहे? आम्ही 300 चा घेतल्यापासून काहीच अडकत नाही.

ट्रिंगट्रिंग :
ताई, एका कॉलला जी.711 कोडेकने (आवाज नेटवर पाठवायची एक पद्धत) 64 केबीपीएस लागतात, पाकिटांवरचे हेडर धरून 87 च्या आसपास. इथे एमबी कमी पडत नाहीयेत. प्लॅन वाढवून फक्त बिल वाढेल.
@सातपूरकर, किती वेळाने कट होतो? आलेले कॉल जातात की तुम्ही केलेले? दरवेळी की कधीमधी?

सातपूरकर :
आत्ता घड्याळ लावून बघितलं. आलेलेच जातात, आणि दरवेळी अर्ध्या मिनिटाच्या थोडं पुढे. आम्ही लावलेले नीट चालतात. याने काही फरक पडतो का?

विजेरी :
यानेच तर फरक पडतो. 32 सेकंद असणार. तुम्ही फोन उचलला की डबा 'उचलला' असा सिपमध्ये (नेटवरून फोन जोडायची-तोडायची भाषा) निरोप पाठवतो आणि पोच यायची वाट बघतो. पोच आली नाही तर तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवतो आणि 32 सेकंदांनी कंटाळून कॉल सोडतो. आवाजाची पाकिटं वेगळ्या वाटेने जातात, म्हणून तोवर बोलणं व्यवस्थित चालतं. पोच हरवते कारण राउटरमधलं सिप एएलजी, म्हणजे फोनचे निरोप वाटेत दुरुस्त करणारी सोय, मदतीच्या नावाखाली निरोपातला पत्ता बदलून ठेवतं. ते बंद करा. ॲडव्हान्स्ड, मग नॅट फॉरवर्डिंग, मग एएलजी असं काहीतरी सापडेल. मायक्रोटिक कंपनीचा राउटर असेल तर आयपी, फायरवॉल, सर्व्हिस पोर्ट्स, तिथे सिप.

गावठी_इंजिनिअर :
एवढं कशाला? 5060 पोर्ट (सिपचं नेहमीचं दार) डब्याकडे फॉरवर्ड करा, काम तमाम.

विजेरी :
अजिबात करू नका! जगभरातले स्कॅनर 5060 हुडकत फिरतात. मध्यरात्री रिंग वाजेल, समोर 100 नाहीतर 1000 असा नंबर दिसेल, उचललं तर कोणी नसेल. पासवर्ड कच्चा असेल तर तुमच्या खात्यावरून कोणीतरी परदेशात बोलून घेईल.

मोबाइलवेडा :
आजच्या काळात लँडलाइन हवी कशाला? सगळ्यांना एकेक सिम द्या.

सातपूरकर :
@मोबाइलवेडा, चलनावर, बिलावर, गेटच्या पाटीवर तोच नंबर आहे. शेठ बदलू देणार नाहीत.
@विजेरी, यादीत सिपसमोरची खूण काढली, डबाही बंद-चालू केला. अजून कट होतोच आहे!!

ट्रिंगट्रिंग :
नव्या राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) काय दिसतोय? पूर्ण नको, सुरुवातीचे आकडे टाका.

सातपूरकर :
192.168 ने सुरू होतोय.

ट्रिंगट्रिंग :
हा तर आतल्या जाळ्याचा पत्ता झाला. मग नेट कंपनीचा फायबरचा डबासुद्धा राउटर म्हणून चालतोय. दोनदा नॅट, म्हणजे पत्ता दोनदा बदलतो, आणि एएलजी त्याच्यातही असेल. कंपनीला सांगून तो ब्रिज मोडवर (राउटरचं काम न करता नेट नुसतं पुढे देणं) करून घ्या आणि पीपीपीओईचं लॉगिन (नेट कंपनीने दिलेलं युजरनेम-पासवर्ड) तुमच्या राउटरमध्ये टाका. घाई असेल तर आज फोनचा डबा सरळ फायबरच्या डब्यालाच जोडा आणि तिथलं एएलजी बंद करा.

जुना_खेळाडू :
तरी मी सांगतो, एफएक्सओ बघून घ्या. आणि मोबाइलला लावताना आधी शून्य लावता ना? 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइलला शून्य सक्तीचा आहे. ईपीएबीएक्सवर बाहेरच्या लाइनचा शून्य वेगळा, म्हणजे दोन शून्य.

विजेरी :
काका, त्यांचे बाहेर केलेले कॉल नीट चालतायत!

सातपूरकर :
फायबरच्या डब्याला जोडलं, तिथलंही एएलजी बंद केलं. बाहेरून मोबाइलवरून फोन लावून पाच-सात मिनिटं चालू ठेवला, गेला नाही. ब्रिजचं उद्या कंपनीला सांगतो. विजेरी, ट्रिंगट्रिंग, आभारी आहे. आता एकच, लाईट गेली की फोन बंद पडतोय. पूर्वी चालायचा.

जुना_खेळाडू :
पूर्वी एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांतून 48 व्होल्ट तांब्यावरून घरापर्यंत यायचे. फायबरवरून काय येणार, उजेड?

ट्रिंगट्रिंग :
हे मात्र काकांनी बरोबर सांगितलं. फायबरचा डबा, फोनचा डबा आणि ईपीएबीएक्स, तिन्ही यूपीएसवर घ्या. एक जरी राहिला तरी फोन मुका.

स्नेहल_प :
माझ्याही राउटरला फोनचं भोक आहे. जुना फोन लावला तर टोन येते, पण नंबर फिरवला की काहीच होत नाही. तबकडीचा फोन आहे, सासऱ्यांचा.

विजेरी :
तबकडीची पल्स बऱ्याच राउटरना कळत नाही, त्यांना बटणांचा टोन लागतो. मॉडेल नंबर टाका, आणि नवीन धागा काढा प्लीज.