मदत हवी आहे: कॅनडातल्या एआय संस्थांचा आतला अनुभव कुणाला आहे का?

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या आमच्या कॉलेजात स्थानिक कंपन्यांसोबत एआय केंद्र काढायचं घाटतंय आणि टिपण लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. इमारत, सर्व्हर, उद्घाटनाचे पाहुणे यावर एकमत आहे. पुढचं कुणी बोलत नाही!

मी कॅनडाचं उदाहरण घेतोय. २०१७ साली तिथल्या केंद्र सरकारने १२.५ कोटी कॅनेडियन डॉलर जाहीर करून एडमंटनची अमी, माँट्रियलची मिला आणि टोरोंटोची व्हेक्टर या संस्थांना बळ दिलं. पण पाया जुना. एआय संशोधक जेफ्री हिंटन १९८७ मध्ये टोरोंटो विद्यापीठात आले, रिचर्ड सटन २००३ मध्ये एडमंटनच्या अल्बर्टा विद्यापीठात. आधी विद्यार्थी घडले, मग कंपन्या आल्या. अर्थात गूगलच्या डीपमाइंड या एआय कंपनीने एडमंटनचं ऑफिस २०२३ मध्ये बंदही केलं.

तिथे पीएचडी किंवा नोकरी केलेलं कुणी आहे का? कंपनीच्या पैशातून झालेल्या संशोधनाची मालकी कुणाकडे राहते? प्राध्यापक अर्धा वेळ कंपनीत गेले की वर्ग कोण घेतं? आणि विद्यार्थ्याला शोधनिबंध छापायला कंपनीची परवानगी लागते का? संस्थांची माहितीपत्रकं वाचलीत, सगळी गोडगोड आहेत. कराराच्या अटी प्रत्यक्ष पाहिलेल्यांनी कृपया लिहा.