मदत हवी आहे: फुटबॉलच्या मराठी समालोचनात कुठे थांबायचं?

आमच्या पेडण्याच्या क्लबची स्पर्धा यंदा यूट्यूबवर थेट दाखवणार आहोत आणि मराठी समालोचन माझ्याकडे आहे. कॅमेरा एकच, रिप्ले नाही, जोडीला दुसरा समालोचक नाही.

सरावासाठी फातोर्ड्यावरचे एफसी गोवाचे जुने सामने आवाज बंद करून लावले आणि स्वतःचं बोलणं रेकॉर्ड केलं. ऐकताना जाणवलं की मी रेडिओसारखा बोलतोय. ‘चेंडू डावीकडे, पुन्हा मागे...’ हे तर प्रेक्षकाला दिसतंच आहे! उलट डावा बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, सारखा पुढे जातोय, त्याच्यामागे मोकळी जागा पडतेय, हे सांगायला हवं होतं, तेच राहिलं. 2012 मध्ये अग्युएरोने भरपाई वेळेत गोल करून मँचेस्टर सिटीला विजेतेपद दिलं, तेव्हा इंग्लिश समालोचक मार्टिन टायलर त्याचं नाव ओरडून गप्प झाले, मैदानाचा आवाज ऐकू दिला. मला ते फार मोठं कसब वाटतं. पण आमच्याकडे गर्दीचा आवाज टिपणारा वेगळा माइक नाही, गप्प बसलो की प्रक्षेपणच बंद पडल्यासारखं वाटतं.

आकडेवारी, खेळाडूंची माहिती तयार आहे, ती नको. अशा एकट्याच्या समालोचनात चेंडू मध्यभागी रेंगाळत असताना किती बोलावं आणि काय बोलावं?