मदत हवी आहे: राधानगरी रस्त्यावरचं पॉट आइस्क्रीमचं दुकान

मंडळी, मे महिन्यात मालवणहून परत येताना फोंडा घाट चढून दाजीपूर, राधानगरी असे कोल्हापूरकडे निघालो होतो. राधानगरी सोडल्यावर भोगावतीच्या अलीकडे कुठल्याशा गावात पोरगं "शू शू" म्हणून ओरडलं, म्हणून गाडी थांबवली. समोरच एक दुकान. पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी, बोर्डावरची अक्षरं उन्हानं पार उडालेली. आत लाकडी बादलीत बर्फ आणि खडेमीठ घालून एक काका हँडल फिरवत बसलेले. हापूसचं आइस्क्रीम, तेही स्टीलच्या वाटीत. नाद खुळा! मी दोन वाट्या खाल्ल्या, बायकोनं तीन (हे तिला सांगू नका).

आणि एवढं करून फोटो काढला नाही, गावाचं नाव विचारलं नाही. मोबाईलला रेंज नव्हती, त्यामुळे मॅपवरही काही सापडत नाही.

पुढच्या महिन्यात आईची पंचाहत्तरी आहे, तिला तिथलंच आइस्क्रीम खिलवायचंय. त्या भागातल्या कुणाला हे दुकान माहीत आहे का? पावसाळ्यात चालू असतं का?

दुसरं म्हणजे, पाचेक किलो आइस्क्रीम कोल्हापूरपर्यंत, म्हणजे पन्नासेक किलोमीटर, न वितळता कसं आणायचं? थर्माकोलच्या पेटीत बर्फ-मीठ पुरेल की ड्राय आइसच लागेल? ड्राय आइसचा गॅस बंद गाडीत साठतो, म्हणून जरा भीती वाटते. कुणी आणलं असेल तर सांगा राव.