माझदाची कीर्ती रोटरी इंजिनाची, की साध्या गाड्यांची?

सांधणदरी:

जपानी मोटारींचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा सुझुकी, टोयोटा आणि होंडा यांच्यापलीकडे सहसा जात नाही. माझदाची प्रवासी मोटार भारतात अधिकृतपणे कधी विकलीच गेली नाही. हे नाव आपल्याला ठाऊक झाले ते शाळेच्या मिनीबसवर लिहिलेल्या ‘स्वराज माझदा’ या अक्षरांमुळे. तरीही हिरोशिमाच्या या कंपनीविषयी जगभरच्या मोटारप्रेमींना जो आदर वाटतो, तो तिच्या आकाराच्या मानाने फार मोठा आहे. टोयोटाचा समूह वर्षाला एक कोटीच्या आसपास गाड्या विकतो, तर माझदा बारा-तेरा लाखांच्या घरात असते. हा आदर अनाठायी नाही आणि त्याचे मूळ रोटरी इंजिनाच्या हट्टात आहे, असे माझे मत आहे. ज्यांना ते पटत नसेल त्यांनी ते या धाग्यावर अवश्य खोडून काढावे.

थोडी पार्श्वभूमी देतो. ‘तोयो कॉर्क कोग्यो’ ही कंपनी १९२० साली बुचाच्या वस्तू बनवण्यासाठी स्थापन झाली. मच्छीमाराच्या घरात जन्मलेले आणि लोहारकामातून वर आलेले जुजिरो मात्सुदा पुढच्या वर्षी तिचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी तिला यंत्रांकडे वळवले. १९३१ साली तिने ‘माझदा-गो’ हा पुढे मोटरसायकलचे हँडल आणि मागे हौदा असलेला तीनचाकी टेम्पो आणला. साठच्या दशकाच्या आरंभी जपानच्या व्यापार आणि उद्योग मंत्रालयाला देशातल्या मोटारकंपन्या मोजक्या गटांत एकत्र आणायच्या होत्या, आणि तसे झाले असते तर ही कंपनी एखाद्या मोठ्या घराच्या दावणीला बांधली गेली असती. दुसऱ्या कोणाकडे नाही असे तंत्र हाती असेल तरच आपण स्वतंत्र राहू, हे ओळखून त्या वेळचे अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांनी जर्मनीच्या एनएसयू कंपनीकडून फेलिक्स वांकेल यांच्या इंजिनाचा परवाना घेतला.

परवान्याबरोबर जे आले ते अर्धेकच्चे होते. या इंजिनात वरखाली होणारे पिस्टन नसतात. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर एका लांबट कोठडीत गरगरत राहतो आणि त्याच्या तीन टोकांवरच्या सीलपट्ट्या कोठडीच्या भिंतीला सतत घासत असतात. काही तास इंजिन चालवले की या पट्ट्यांच्या थरथरीने भिंतीच्या गुळगुळीत मुलाम्यावर ओरखड्यांच्या ओळीच्या ओळी उठत, आणि माझदाचे अभियंते त्यांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हणत. १९६३ साली केनइची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ अभियंत्यांचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला आणि कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेल्या पट्ट्यांनी अखेर हा प्रश्न सोडवला. १९६७ साली ‘कॉस्मो स्पोर्ट’ बाजारात आली. ज्या एनएसयूने हे इंजिन विकले, तिची ‘आरओ ८०’ ही गाडी त्याच वर्षी निघाली, पण सीलपट्ट्यांच्या तक्रारी आणि हमीपोटी फुकट बदलून द्यावी लागणारी इंजिने यांनी ती कंपनी इतकी खचली की १९६९ साली ती फोक्सवॅगनच्या पंखाखाली गेली. जनरल मोटर्सने परवान्यावर पैसा ओतून शेवटी हात झटकले आणि सित्रोएनने विकलेल्या रोटरी गाड्या परत घेऊन मोडीत काढल्या. माझदाने मात्र रोटरीच्या सुमारे २० लाख गाड्या बनवल्या. याला मी चारित्र्य म्हणतो.

हिशेबनीस:

कथा सुरेख सांगितली आहे, पण ती १९७३ च्या उंबरठ्यावर आणून सोडली आहे आणि तिथूनच खरा हिशेब सुरू होतो.

रोटरीची ज्वलनाची जागा लांबट आणि चपटी असते, त्यामुळे कडेचे इंधन न जळताच बाहेर पडते. अमेरिकेच्या नव्या प्रदूषण नियमांत बसण्यासाठी माझदाने धुराच्या वाटेवर एक भट्टी बसवली, जिच्यात हे उरलेले इंधन जाळले जाई. भट्टी पेटती राहावी म्हणून इंजिनाला मुद्दामच जास्त पेट्रोल पाजावे लागे. या युक्तीने माझदाने १९७५ साठी ठरलेली मर्यादा १९७३ मध्येच गाठून दाखवली आणि तिची वाहवा झाली. त्याच वर्षी तेलसंकट आले. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या चाचणीत शहरातल्या वापरासाठी या गाड्यांचे मायलेज गॅलनला जेमतेम १० ते ११ मैल, म्हणजे लिटरला साडेचार किलोमीटरच्या आसपास भरले होते. अशा वेळी न विकलेल्या गाड्यांचे ढीग लागणे क्रमप्राप्तच होते.

त्या खड्ड्यातून कंपनीला कोणी बाहेर काढले? सुमितोमो बँकेने आपली माणसे पाठवून कारभार हाती घेतला, कारखान्यातले हजारो कामगार गाड्या विकण्यासाठी देशभरच्या विक्रेत्यांकडे धाडले गेले, आणि मात्सुदा घराण्याला १९७७ साली अध्यक्षपद सोडावे लागले. १९७९ साली फोर्डने सुमारे पाव हिस्सा घेतला. ज्या स्वातंत्र्यासाठी रोटरी आणली असे आपण म्हणता, ते स्वातंत्र्य रोटरीनेच गहाण टाकले. त्यानंतर गाडा रुळावर आणला तो १९८० च्या ‘फॅमिलिया’ने. पुढच्या चाकांना जोर देणारी ही साधी घरगुती मोटार ‘जपान कार ऑफ द इयर’ या पुरस्काराची पहिली मानकरी ठरली. नाव रोटरीचे झाले आणि घर फॅमिलियाने चालवले. उलट आपल्या त्या ‘कॉस्मो स्पोर्ट’ पाच वर्षांत बाराशेसुद्धा बनल्या नव्हत्या.

कुंभार्ली घाट:

हिशेबनीस, आपला जमाखर्च बरोबर आहे, परंतु कीर्ती काही जमाखर्चाच्या वहीत मोजली जात नाही. २३ जून १९९१ रोजी फ्रान्समधल्या ल मां येथील चोवीस तासांची शर्यत माझदाच्या ‘७८७बी’ या रोटरी इंजिनाच्या गाडीने जिंकली. ती शर्यत जिंकणारी ती पहिली जपानी कंपनी होती, आणि टोयोटासारख्या धनाढ्य कंपनीला तिथे पहिला विजय मिळायला २०१८ साल उजाडावे लागले. चार रोटरच्या त्या इंजिनाचा कर्कश आवाज ज्यांनी ध्वनिमुद्रणात का होईना ऐकला आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. शेवटच्या टप्प्यात गाडी चालवणारे जॉनी हर्बर्ट पाण्याअभावी इतके गळून गेले होते की विजयाच्या मंचावर त्यांना चढताच आले नाही. त्यानंतर रोटरीवर बंदी घातली गेली, यातच सर्व आले.

हिशेबनीस:

विजय खराच होता, पण त्याच्या दोन बाजू सांगायला हव्यात. त्या वर्षीच्या नियमांत ‘७८७बी’ला ८३० किलो वजनावर धावण्याची मुभा मिळाली होती आणि जॅग्वार व मर्सिडीजच्या गाड्यांना १,००० किलोचे बंधन होते. एवढे करूनही आघाडीवर होती ती मर्सिडीजच, आणि शेवटच्या काही तासांत तिचे इंजिन तापून ती बाद झाली नसती तर हा धागा आज कदाचित निघालाही नसता. बंदीची गोष्ट तर लोककथा आहे. साडेतीन लिटरच्या पिस्टन इंजिनांकडे जाण्याचा निर्णय त्या शर्यतीच्या आधीच झालेला होता. माझदा जिंकली म्हणून कोणी चिडून नियम बदलले नाहीत.

यारातीर:

मी मेलबर्नला राहतो, म्हणून एक वेगळे निरीक्षण नोंदवतो. ऑस्ट्रेलियात २०११ आणि २०१२ या दोन्ही वर्षी सर्वाधिक विकली गेलेली मोटार ‘माझदा ३’ होती. होल्डन आणि फोर्ड यांचे कारखाने ज्या देशात होते, तिथे त्यांना मागे टाकून आयात केलेली एक हॅचबॅक पहिली यावी ही लहान बाब नव्हे. इथल्या मराठी कुटुंबांतही नवीन आलेल्या माणसाला पहिली गाडी सुचवताना कोरोलाच्या खालोखाल हेच नाव घेतले जाते. परंतु ती विकत घेणाऱ्या दहा जणांना रोटरी म्हणजे काय असे विचारले, तर नऊ जण आपल्या तोंडाकडे पाहत राहतील. त्यांना ठाऊक असते ते एवढेच की गाडी वळणावर अंगासरशी वळते, आतले काम नीटनेटके असते आणि ती फारशी त्रास देत नाही. मोटारप्रेमींमधली कीर्ती आणि गिऱ्हाइकांमधली पत या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि इथे त्यांची सरमिसळ होत आहे.

उलटतपासणी:

माझा आक्षेप तिसराच आहे. माझदाविषयीच्या प्रत्येक लेखात राखेतून उठलेली कंपनी ही कथा येतेच. ती खोटी नाही: ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा शेजारच्या फुचू येथील माझदाचा कारखाना हिजियामा या टेकडीच्या आडोशामुळे बराचसा वाचला, जिल्हा प्रशासनाची कार्यालये काही महिने त्याच्या इमारतीत चालली, आणि त्या डिसेंबरमध्येच तीनचाकी टेम्पोंचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. मात्र त्याच कारखान्यात युद्धकाळात जपानी सैन्यासाठी रायफली बनत होत्या, हे वाक्य त्या लेखांतून नेमके गळालेले असते. ४७ अभियंत्यांची गोष्टही अशीच आहे. ४७ हा आकडा जपानी माणसाला ताबडतोब आपल्या मृत स्वामीचा सूड घेणाऱ्या त्या प्रसिद्ध ४७ स्वामिनिष्ठ सामुराईंची आठवण करून देतो, आणि कंपनीने ती आठवण पुसण्याचा प्रयत्न कधी केला नाही.

चारित्र्याचेच बोलायचे, तर जून २०२४ मध्ये जपानच्या परिवहन मंत्रालयाने ज्या पाच कंपन्यांच्या प्रमाणन चाचण्यांतले (गाडीला सरकारी मान्यता मिळवण्यासाठीच्या चाचण्यांतले) गैरप्रकार जाहीर केले, त्यांत टोयोटा, होंडा, सुझुकी आणि यामाहा यांच्याबरोबर माझदाही होती. इंजिनाच्या चाचणीत नियंत्रणाचे सॉफ्टवेअर बदलले गेले होते, आणि काही जुन्या मॉडेलांच्या टकरीच्या चाचणीत एअरबॅग गाडीतल्या संवेदकाने न उघडता बाहेरून लावलेल्या टायमरने उघडली गेली होती. बंदिस्त कोठडीत ओरखडे मोजणारी प्रामाणिक माणसे आणि टायमर लावणारी माणसे एकाच कंपनीत होती, हे मान्य करून मग आदर किती द्यायचा ते ठरवावे.

सांधणदरी:

सर्वांचे आभार. उलटतपासणी यांचा २०२४ चा मुद्दा मी नाकारत नाही, आणि टोयोटासह पाच कंपन्या त्यात होत्या म्हणून तो सौम्य होतो असेही मी म्हणणार नाही. पण हिशेबनीस आणि यारातीर रोटरी व साधी गाडी यांच्यामध्ये जी भिंत उभारत आहेत, ती मला मान्य नाही.

रोटरी विभागाचे प्रमुख केनइची यामामोतो १९८४ साली कंपनीचे अध्यक्ष झाले. ब्रिटिश पद्धतीची हलकी, दोन आसनी, उघड्या छताची मोटार बाजारातून जवळजवळ नाहीशी झालेली असताना तशी गाडी बनवण्याच्या कल्पनेला त्यांच्या काळात होकार मिळाला आणि १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात ‘एमएक्स-५’ अवतरली. तिच्यात रोटरी नाही, साधे चार सिलिंडरचे इंजिन आहे. एप्रिल २०१६ मध्ये तिचे उत्पादन १० लाखांवर गेले, आणि दोन आसनी खुल्या गाडीला एवढी मजल आजवर दुसऱ्या कोणी मारलेली नाही. पुढे फोर्ड बाहेर पडत असताना, इतर कंपन्या लहान इंजिनांना टर्बो जोडत होत्या किंवा संकरित गाड्यांकडे वळत होत्या, त्या वेळी माझदाने साध्या पेट्रोल इंजिनात १४:१ इतके दाबाचे गुणोत्तर साधले. इतक्या दाबाने मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोकायला लागते. ते टाळण्यासाठी त्यांनी धुराचे नळ लांब करून गरम वायू सिलिंडरमध्ये उलटे येणार नाहीत अशी रचना केली. यारातीर यांच्या शेजाऱ्यांना रोटरी ठाऊक नसेल, पण ती गाडी अंगासरशी वळते हे ज्यांच्यामुळे, ती माणसे रोटरीच्या शाळेत घडली होती.

हिशेबनीस:

या शाळेचा आणखी एक धडा राहिला. ‘एमएक्स-५’ आली त्याच सुमारास या कंपनीने एकट्या जपानमध्ये विक्रीच्या पाच निरनिराळ्या साखळ्या उभारल्या: माझदा, युनोस, ऑटोझॅम, आंफिनी आणि ऑटोरामा. एकच गाडी थोडा चेहरा बदलून वेगवेगळ्या नावांनी विकली जाई आणि गिऱ्हाइकाला कोणती कोणाची हे कळत नसे. आपण बनवू ते लोक घेतीलच, हा जो आत्मविश्वास आपण चारित्र्य म्हणून गौरवता, त्याचेच हे दुसरे रूप होते. जपानी अर्थव्यवस्थेचा फुगा फुटल्यावर १९९६ साली फोर्डचा हिस्सा ३३.४ टक्क्यांवर गेला आणि हेन्री वॉलेस हे कोणत्याही जपानी मोटारकंपनीचे पहिले परदेशी अध्यक्ष हिरोशिमात येऊन बसले. फोर्ड गेल्यावरही एकटेपण टिकले नाही. २०१७ साली टोयोटाने सुमारे ५ टक्के भाग घेतला आणि आता अमेरिकेतल्या अलाबामात दोघांचा सामाईक कारखाना आहे. दोन वेळा बुडता बुडता दुसऱ्याने हात दिलेल्या कंपनीला ‘स्वतंत्र’ हे विशेषण मी लावणार नाही. ‘चांगल्या गाड्या बनवणारी’ एवढे म्हणायला माझी हरकत नाही.

जाता जाता: आपल्या ‘स्वराज माझदा’तही हेच झाले. १९८३ साली पंजाब ट्रॅक्टर्सबरोबर सुरू झालेल्या त्या भागीदारीतून माझदा पुढे निघून गेली आणि तिसरी भागीदार असलेली सुमितोमो ही व्यापारी कंपनी मागे उरली.

कुंभार्ली घाट:

हात कोणी दिला याची यादी आपण चांगली केलीत. परंतु दिलेला हात मिळतो तो घेणाऱ्याजवळ काही असते म्हणून. फोर्डने कित्येक वर्षे आपल्या छोट्या गाड्यांसाठी माझदाचेच आराखडे वापरले, हा व्यवहार एकतर्फी दानधर्माचा नव्हता. आणि रोटरी अजून संपलेली नाही. २०२३ मध्ये ‘एमएक्स-३०’ या विजेवर चालणाऱ्या गाडीच्या एका प्रकारात एकाच रोटरचे इंजिन पुन्हा आले. ते चाके फिरवत नाही, केवळ बॅटरीसाठी वीज तयार करते. आकाराने लहान आणि जवळजवळ बिनथरथरीचे असल्यामुळे या कामाला ते सोयीचे आहे.

हिशेबनीस:

चपट्या कोठडीतले न जळणारे इंधन वीज बनवतानाही न जळणारेच राहते. फेब्रुवारी २०२४ मध्ये माझदाने रोटरीसाठी ३६ अभियंत्यांचा गट पुन्हा स्थापन केला तो उत्सर्जनाच्या याच जुन्या दुखण्यासाठी. त्यांनी ते बरे केले आणि त्या इंजिनाची गाडी माझदाच्या ‘सीएक्स-५’ या एसयूव्हीच्या निम्म्यानेही खपली, तर सांधणदरी यांचे म्हणणे मी मान्य करीन. तोपर्यंत हिरोशिमातले पगार ‘सीएक्स-५’च्या विक्रीतून निघत आहेत आणि तिच्यात रोटर नाही.