डोंगरी नदीची पातळी आणि विसर्ग मोजायचाय : सेन्सर कोणता, बसवायचा कुठे?

धागाकर्ता
पात्र सुमारे ६ मीटर रुंद, तळाला मोठे धोंडे, पाणी तासाभरात चढतं-उतरतं. पातळीची सलग नोंद ठेवून तीवरून विसर्ग काढायचा आहे. दाब सेन्सर घ्यावा की रडार? आणि अशा पात्रात पंख्याचा प्रवाहमापक चालेल का?

खळाळ
आधी जागा, मग सेन्सर. असा डोह शोधा, जिथून पाणी अखंड खडकाच्या पायरीवरून बाहेर पडतं. सुट्या धोंड्यांनी अडलेला डोह एकाच पुरात बदलतो आणि तुमचा रेटिंग वक्र (पातळीवरून विसर्ग सांगणारा आलेख) वाया जातो.

डोहावर पूल असेल तर रडारच घ्या, ओंडके आणि गाळ त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. फक्त त्याच्याखाली फेसाळ पाणी नको. पूल नसेल तर दाब सेन्सर. हवेची नळी नसलेला घेतलात तर तो पाण्याबरोबर हवेचाही दाब मोजतो, म्हणून जवळच सावलीत वायुदाबाचा वेगळा लॉगर हवाच: १ हेक्टोपास्कल म्हणजे जवळजवळ १ सेंमी पाणी. वादळात वायुदाब १० ने उतरला की दुरुस्तीशिवाय पातळी १० सेंमी कमी दिसते, तीही नेमकी पूर येताना.

सेन्सर लोखंडी पाइपात घालून खडकाला अँकर बोल्टने आवळा, प्रवाहाच्या आडोशाला. पाइपाचं उघडं तोंड वेगवान धारेत राहिलं तर आतलं पाणी ओढलं जाऊन पातळी खोटी कमी येते. भोकं अगदी बारीक ठेवू नका, गाळाने बुजतात. नोंद ५ मिनिटांनी, पण प्रत्येक नोंद १०-२० वाचनांची सरासरी असू द्या.

धागाकर्ता
आणि विसर्ग?

मीठबादली
धोंड्यांच्या पात्रात पंख्याचा मापक नको. खोली आणि वेग हातभर अंतरावर बदलतात. मीठ वापरा, इथे खळखळाट तुमच्याच बाजूने आहे.

अंदाजे १ घनमीटर प्रति सेकंद विसर्गाला १ किलो मीठ, वजन करून, नदीच्याच पाण्यात पूर्ण विरघळवून, एका झटक्यात प्रवाहाच्या मध्ये ओता. रुंदीच्या निदान २५ पट खाली, म्हणजे तुमच्याकडे १५० मीटरवर, विद्युतवाहकता दर ५ सेकंदांनी नोंदवा. मूळ आकड्यावर परत येईपर्यंत थांबू नका. मध्ये डोह नको, मीठ तिथे रेंगाळतं. दोन्ही काठांना एकेक प्रोब ठेवा. दोन उत्तरं जुळली नाहीत तर मिश्रण अपुरं आहे, आणखी खाली जा.

हिशेब: मूळ वाहकतेवरची वाढ (µS/cm मध्ये) गुणिले सेकंद, यांची बेरीज समजा ४००० आली. मीठ १००० ग्रॅम, गुणक ०.५ (वाहकता १ ने वाढली म्हणजे घनमीटरमागे ०.५ ग्रॅम मीठ). तर १००० ÷ (०.५ × ४०००) = ०.५ घनमीटर प्रति सेकंद. गुणक मात्र पुस्तकातला घेऊ नका. मोजून घेतलेल्या नदीच्या पाण्यात मिठाचं ठरावीक द्रावण थोडं थोडं घालून त्याच प्रोबने काढा.

खळाळ
भर घालतो. काठावर मोजपट्टी लावा आणि पुराच्या कक्षेबाहेर खडकावर तीन बेंचमार्क (उंचीच्या पक्क्या खुणा) कोरा. लेव्हलने (उंचीतला फरक मोजायच्या दुर्बिणीने) पट्टी दरवर्षी आणि प्रत्येक मोठ्या पुरानंतर तपासा. पट्टी २ सेंमी खचली तर उन्हाळ्यातला सगळा विसर्ग चुकतो, पुरातला फारसा नाही.

पुरानंतर लागोपाठ दोन-तीन मापनं वक्राच्या एकाच बाजूला पडली तर पायरी बदलली आहे, तेवढा खालचा भाग नव्याने काढा. आणि मोजलेल्या सर्वात मोठ्या विसर्गाच्या दुपटीपुढे वक्र ताणू नका.